पाइनच्या झाडांखालची मंडळी

आमच्याकडे घरातून कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की आधी प्रार्थना होते. मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी नगरच्या आमच्या घरी इतकी माणसं जमली की बैठकीच्या खोलीत मावली नाहीत. अर्धी अंगणात उभी राहिली, दोघीतिघी तर चपलांच्या ढिगाशेजारी. मुंबईला नेणारी गाडी फाटकाशी थांबली होती आणि ड्रायव्हर मधूनमधून हॉर्न वाजवत होता. पप्पा पेटीवर बसले होते. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी उपासनेत गाणी सांगायचे. 'गाणी सांगायचे' असंच आम्ही म्हणायचो, कारण मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नसे. पप्पा एक ओळ म्हणायचे आणि मग मंडळी ती ओळ उचलायची.

मंडळी म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांत चर्चची इमारत नव्हे, तिथली माणसं. लग्नात वाढायला येणारी, मयतीला खड्डा खणायला येणारी, आणि कुणाची मुलगी कुणाशी बोलते यावर लक्ष ठेवणारीही तीच.

पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या पास्टरची, प्रार्थना लांबली. विमान, पायलट, परदेशातले रस्ते, जावयाची नोकरी, त्यांनी काहीच सोडलं नाही. आमेन झाल्यावर आई डोळे पुसत एवढंच म्हणाली, "रविवार मोडू नकोस." आणि पप्पा पेटी सोडून गाडीच्या खिडकीपाशी आले, वाकून म्हणाले, "पोचलीस की आधी मंडळी शोध, कृपा. भाजीबाजार काय, नंतरही सापडतो."

मला तेव्हा हसू आलं होतं. गाडी निघाली तशी अंगणातल्यांनी गाणं धरलं. कोपऱ्यावर वळताना मी काच खाली केली, पण शेवटचं कडवं काही ऐकू आलं नाही.

आमच्या मंडळीतल्या तुमच्यापैकी जे अजून नगरला आहेत त्यांना इथवरचं सगळं ठाऊक आहे. जे माझ्यासारखे निघून आले, कुणी टेक्सासला, कुणी न्यू जर्सीला, त्यांना पुढचंही थोडंफार ठाऊक असेल. तरी लिहिते. फोनवर माणूस "बरं आहे" म्हणतो आणि तेवढ्यावर पंधरा वर्षं निघून जातात.

नॉर्थ कॅरोलायनात कॅरी नावाचं गाव आहे, तिथे आमचं अपार्टमेंट होतं. माझा नवरा सुधीर पाटोळे, जालन्याचा, जवळच्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. सकाळी तो ड्राइव्ह करत जायचा आणि मग दिवसभर मी, फ्रीजची घरघर आणि खिडकीतून दिसणारं पार्किंग. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा नोकरी करता येत नव्हती. नगरला मी शाळेत मराठी शिकवत होते. इथे आठवडाभरात माझ्या तोंडून जेवढे शब्द निघायचे तेवढे तिथे मधल्या सुट्टीत निघायचे. रस्त्याला फूटपाथ नव्हता. चालत निघालं तर गाड्या हळू व्हायच्या आणि माणसं काच खाली करून विचारायची, काही मदत हवी आहे का.

पहिल्या गणपतीला सुधीरच्या ऑफिसातल्या मित्रानं आम्हाला महाराष्ट्र मंडळात नेलं. मी हौसेनं इरकल नेसले. मोदकांच्या रांगेत एका काकूंनी प्रेमानं चौकशी केली.

"पाटोळे कुठले गं तुम्ही?"

"हे जालन्याचे. माझं माहेर नगरचं, साळवे."

बोलता बोलता चर्चचा विषय निघाला. काकू थबकल्या. "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? म्हणजे मूळचे गोव्याचे का?"

"नाही काकू, नगरचेच. पणजोबांपासून."

"हो का! पण किती छान मराठी बोलतेस!"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. सुधीरचा मित्र म्हणाला, "यार, कधी बोलला नाहीस," आणि पुढच्या महिन्यात त्याच्या बायकोनं हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं, मला नाही. नंतर भेटल्यावर अगदी कानकोंडी होऊन म्हणाली, "तुम्हाला चालेल की नाही कळेना, म्हणून नाही बोलावलं." मला चाललं असतं. नगरला शेजारच्या घरी मी दरवर्षी वाण घ्यायला जायचे. पण हे सांगून टाकायला जी सलगी लागते ती आमच्यात नव्हती.

मग मंडळी शोधायची म्हणून आम्ही हायवेलगतच्या एका मोठ्या चर्चला गेलो. गाड्या लावून द्यायला चकाकत्या जाकिटातली माणसं, दारात कॉफी, आत सिनेमाच्या पडद्यासारखा पडदा, गिटार, ड्रम. सगळे इतकं हसून बोलत की माझेच गाल दुखायचे. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "इंडिया! मग तू कन्व्हर्ट कधी झालीस? घरचे फार चिडले असतील ना?" मी म्हटलं, मी नाही झाले, माझे पणजोबा झाले, आणि चिडलेलं कुणी आता हयात नाही. त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांना वेगळी गोष्ट हवी होती. त्या रविवारी पडद्यावर भारताचा नकाशा दाखवून भारतासाठी प्रार्थना झाली आणि आजूबाजूची माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी मान खाली घातली.

मराठी माणसांत मी ख्रिस्ती म्हणून पाहुणी आणि ख्रिस्ती माणसांत भारतीय म्हणून पाहुणी. पाहुणचार दोन्हीकडे उत्तम होता. पण पाहुण्याला कुणी रागावत नाही, त्याला स्वयंपाकघरात शिरू देत नाही, त्याच्याकडून भांडी घासून घेत नाही. काही महिन्यांनी आमचा रविवार म्हणजे कपडे धुणं आणि कॉस्टकोतली आठवड्याची खरेदी एवढाच उरला.

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. त्या वसंतात सगळ्या गावावर पाइनच्या झाडांचा पिवळा पराग पडला होता, गाड्यांवर, पायऱ्यांवर, खिडक्यांवर. मी बोटानं खिडकीच्या काचेवर मुलीची नावं लिहून बघायचे आणि पुसायचे. मुलगी आहे हे कळलं होतं. ओवी हे नाव माझ्या मनात पक्कं झालं होतं. सुधीर म्हणायचा, इथल्या लोकांना उच्चारायलाही सोपं आहे.

आठव्या महिन्यात एका सकाळी तिची हालचाल थांबली. हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी करणाऱ्या मुलीनं पडदा माझ्यापासून वळवला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली, तेव्हाच मला कळलं. पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्हालाही कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. मूल पोटात गेलं तरी बाळंतपण करावंच लागतं. त्याच कळा, तेच सगळं. फक्त शेवटी खोलीत आवाज होत नाही.

त्यांनी माझ्या खोलीच्या दारावर एक चित्र लावलं होतं, पानावर पाण्याचा थेंब. आत येणाऱ्यानं चुकून अभिनंदन करू नये म्हणून. सुधीर खिडकीशी पाठ करून उभा होता. नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून माझ्याजवळ दिलं. दाट केस होते. पप्पांसारखी हनुवटी होती.

दार वाजलं आणि एक वयस्क काळ्या बाई आत आल्या. अंगात जांभळा स्वेटर, गळ्यात ओळखपत्र. त्या हॉस्पिटलच्या चॅप्लेन होत्या, म्हणजे रुग्णांच्या सोबतीला येणाऱ्या, हवी असेल तर प्रार्थना करणाऱ्या. नाव अर्नेस्टीन. तिथल्या पद्धतीनं सगळे त्यांना मिस अर्नेस्टीन म्हणत. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. देवाची मर्जी, तू अजून तरुण आहेस, यातलं काहीही नाही. मग ओवीकडे बघत विचारलं, "व्हॉट्स हर नेम, बेबी?"

सुधीर खिडकीतून न वळता मराठीत म्हणाला, "नाव नको देऊस, कृपा. नाव दिलंस की ती माणूस होते. मग मला झेपणार नाही."

मी म्हटलं, "ओवी."

"ओवी," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. अगदी नीट म्हणाल्या. मग तिच्या कपाळावर बोट ठेवून तिच्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ओवी, युअर मामा इज हिअर." मला प्रार्थना करायची आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी प्रार्थना इंग्रजीत होत नाही. त्या म्हणाल्या, देवाला इंग्रजी यायला लागलं ते अगदी अलीकडे. कितीतरी महिन्यांनी मी मराठीत प्रार्थना केली. काय म्हणाले ते आठवत नाही. 'हे पित्या' एवढं म्हणून पुढे शब्द आलेच नसावेत. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी मध्येमध्ये त्या "येस लॉर्ड" म्हणत होत्या, आमच्या मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या "होय रे प्रभू" म्हणायच्या अगदी तशा.

सुधीरला वाटत होतं की पुढचं हॉस्पिटलनं बघावं, तशी सोय असते. त्याला ते लवकर संपवायचं होतं. मला तिला मातीत ठेवायचं होतं. आमच्या माणसांना आम्ही मातीत ठेवतो. पण आमचं इथे कुणी नव्हतं, कुठल्या मातीत ठेवणार? मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, माझ्या चर्चच्या मागे जागा आहे, मी पास्टरना विचारते.

गावाबाहेर, तंबाखूच्या जुन्या शेतांपलीकडे, पांढऱ्या फळ्यांचं लहानसं चर्च होतं. काळ्या लोकांचं, त्यांच्या आज्यापणज्यांनी हातांनी बांधलेलं. मागे पाइनच्या झाडांखाली थडगी. माती लाल, चिकट, आपल्या नगरच्या काळ्या मातीहून अगदी वेगळी. आम्ही पोचलो तेव्हा सूट घातलेल्या तीन म्हाताऱ्या डीकननी खड्डा खणून ठेवला होता. डीकन म्हणजे मंडळीचे वडीलधारे सेवक. त्यांचे काळे बूट लाल झाले होते. आमची त्यांची तोंडओळखही नव्हती.

शवपेटी इतकी लहान होती की सुधीरनं ती एकट्यानं छातीशी धरून आणली. एका डीकननी पुढे होऊन हात दिला, पण त्यानं कुणाच्या हाती दिली नाही. खाली ठेवतानाही तोच गुडघ्यांवर बसला. बायकांनी गाणं सुरू केलं. एक बाई ओळ सांगायची आणि बाकीच्या ती लांबवत उचलायच्या, इतकी संथ की शब्द विरघळून नुसता सूर राहायचा. शब्द कळत नव्हते. चाल माहीत नव्हती. पण ओळ सांगून ती उचलण्याची ही रीत माझ्या ओळखीची होती, आणि मी तिथे पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मयतीच्या जेवणाला ते रिपास्ट म्हणतात. तळलेलं चिकन, पालेभाजी, मक्याचा पाव, केक. कुठल्या तरी अनोळखी मुलीसाठी या बायका सकाळपासून रांधत होत्या. एकीनं माझ्यापुढे ताट ठेवलं, मी नको म्हटलं तर ती रागावली. खरंच रागावली. अमेरिकेत आल्यापासून माझ्यावर रागावलेली ती पहिली बाई.

सुधीर गाडीत जाऊन बसला होता. घरी येताना म्हणाला, "तुला जायचं तर जात जा. मला रविवारी हाक मारू नकोस." तो नास्तिक झाला असं मी म्हणणार नाही. तो देवाशी बोलेनासा झाला, जसं घरात भावाशी भाऊ बोलेनासा होतो. सुरुवातीचे काही महिने तो मला सोडायला यायचा आणि उपासना संपेपर्यंत एसी लावून गाडीतच बसायचा. एकदा पास्टर स्वतः त्याच्यासाठी कागदी प्लेटमध्ये जेवण घेऊन गेले. त्यानं थँक्यू म्हणून घेतलं आणि काच वर केली. पुढे मी गाडी चालवायला शिकले.

मी दर रविवारी जाऊ लागले. तिथे माझं नाव सिस्टर कृपा झालं. माझी गोष्ट कुणी विचारली नाही, ती त्यांच्या अंगणातच पुरलेली होती. पहिल्याच महिन्यात मला तळघरात भांडी घासायला लावलं. उन्हाळ्यात सगळे पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत, त्यावर गावातल्या मयतीचं सामान करणाऱ्याची जाहिरात असे. कुणाचा मुलगा तुरुंगात, कुणाचा नवरा मधुमेहानं पाय गमावलेला. प्रार्थनेच्या वेळी प्रत्येक जण उभं राहून आपलं सांगायचं. मी काही न सांगता उभी राहिले तरी कुणी तरी "येस, सिस्टर" म्हणायचं.

पुढच्या मे महिन्यात मदर्स डे आला. त्या दिवशी पास्टर सगळ्या आयांना उभं राहायला सांगतात आणि मुली प्रत्येकीला फूल देतात. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी गेलेच नसते. बाकांवरून बायका उठल्या. मी गीतांच्या पुस्तकात बोट घालून खाली बघत बसले. शेजारी मिस अर्नेस्टीन होत्या. त्यांनी कोपरानं माझ्या बरगडीत ढोसलं, चांगलं दुखेल असं.

"गेट अप."

मी मान हलवली.

"गेट अप, कृपा. यू आर ए मदर."

त्यांनी 'मदर' हा शब्द इतक्या मोठ्यानं म्हटला की पुढची रांग वळली. मी उठले. कुणी आश्चर्यानं पाहिलं नाही. लाल कार्नेशन हातात देणारी चिमुरडी पुढे निघून गेली आणि मी उभी राहिले, बाकीच्या आयांसारखी.

देवानं मला उत्तर दिलं असं मी तुम्हाला सांगणार नाही. ओवी का गेली, हे मला आजही माहीत नाही. जे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. लहानपणापासून मी ज्याला विश्वास म्हणत आले तो पप्पांच्या घरातल्या भिंतीसारखा होता, होताच, त्यासाठी काही करावं लागलं नव्हतं. इथे तो पहिल्यांदा माझा झाला, आणि झाला तेव्हा त्यात आनंद फारसा नव्हता. एवढंच कळलं की येशूच्या वधस्तंभापाशी जी आई उभी होती तिलाही कुणी कारण सांगितलं नव्हतं, आणि ती तिथून हलली नव्हती. मला तेवढं पुरलं. रोज पुरतं असंही नाही.

दोन वर्षांनी सुधीरला जॉर्जियात अल्फारेटाला चांगली नोकरी मिळाली. तो खूप दिवसांनी खुशीत होता. जेवताना म्हणाला, "तिथे आपली पुष्कळ माणसं आहेत. ग्रोसरी आहे, मराठी शाळा आहे, तू शिकवू शकशील. सगळं नव्यानं सुरू करू, चल."

"आणि ओवी?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "ओवी नाहीये, कृपा."

"आहे. मी दर रविवारी तिच्यावरच्या काड्या झाडते."

"मला तिथे श्वास घेता येत नाही," तो म्हणाला. "या गावात प्रत्येक रस्ता त्या हॉस्पिटलला जातो."

तो खोटं बोलत नव्हता. मीही नव्हते. आम्ही भांडलो नाही, तेवढा जोरच कुणात उरला नव्हता. तो गेला. सुरुवातीला पंधरा दिवसांनी यायचा, मग महिन्यानं, मग सणाला. घटस्फोट झालेला नाही. जालन्याला आणि नगरला विचारलं की आम्ही नोकरीचं कारण सांगतो. नाताळला तो येतो, मी केलेल्या करंज्या खातो आणि नळ गळत असेल तर दुरुस्त करतो. परत जायच्या दिवशी तो सकाळी एकटाच कुठे तरी जाऊन येतो. मी विचारत नाही. नंतरच्या रविवारी ओवीच्या दगडाभोवतीची जागा आधीच स्वच्छ झाडलेली असते.

माझं वर्क परमिट आलं तेव्हा मी कुठे नोकरी बघू असं मिस अर्नेस्टीनना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला गप्प राहता येतं. ते फार थोड्यांना येतं." त्यांनी मला आधी हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून नेलं, पुढे मी चॅप्लेनचं रीतसर ट्रेनिंग घेतलं. आता मीच चॅप्लेन आहे. ज्यांच्या दारावर पानावरच्या थेंबाचं चित्र असतं त्या खोल्यांतही जाते. पहिल्या वेळी मी दाराबाहेर त्या चित्रासमोर उभीच राहिले. अजूनही थबकते, फक्त मी आता आत जाते.

पप्पा गेले तेव्हा ग्रीन कार्डाचे कागद अर्ध्यावर अडकले होते, मला देश सोडता येत नव्हता. माझ्या चुलत भावानं फोनवरून दफनविधी दाखवला. त्यानं गर्दीतून फोन उंच धरला होता, त्यामुळे मी पाहिलं ते बहुतेक आभाळच. दीड वर्षानं नगरला गेले. चर्चमध्ये पेटीवर दुसरं कुणी होतं. मला मान म्हणून पुढच्या बाकावर बसवलं, उपासनेनंतर चहाबरोबर वेगळ्या बशीत बिस्किटं दिली आणि अमेरिकेच्या मंडळीचा अहवाल सांगा म्हणाले. काय सांगणार? मी म्हटलं, चांगली आहे. लहान आहे. माझ्या घरी मी पाहुणी झाले होते, आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी आई लसूण सोलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता परत ये. सुधीरराव एकीकडे, तू एकीकडे. तिथे थांबायला तुझं आहे काय?"

"माझी मुलगी आहे, आई."

आईनं ओवीचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिच्या लेखी ते एक दुखणं होतं, होऊन गेलेलं. ती सोलत राहिली. मग तिनं विचारलं, "फुलं लावलीत का तिच्यावर?"

"लावलीत. पिवळी. पण हरणं खाऊन जातात."

"मग झेंडू लाव," आई म्हणाली. "त्याच्या वासानं जनावर तोंड लावत नाही." आणि पाटीतला लसूण तसाच ठेवून ती आत निघून गेली.

मिस अर्नेस्टीन गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्या ओवीपासून दोन रांगांवर आहेत. चर्चमध्ये आता वीसएक माणसं उरली आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढची. नातवंडं शहरात गेली. आजूबाजूची शेतं घरं बांधणाऱ्यांनी घेतली, आणि नव्या घरांत राहायला आलेले बरेच जण आपलेच आहेत, पुण्यामुंबईचे, हैदराबादचे. चर्च किती दिवस चालेल, सांगता येत नाही. मागची जागा कुणी विकू शकत नाही, असं पास्टर म्हणतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते, कारण दुसरं काही करता येत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी मला एक फोन आला. अनिता प्रधान नावाच्या बाईंचा, आवाजावरून पन्नाशीच्या. जन्म इथलाच, वकील आहेत. त्यांच्या आई मालती प्रधान कॅरीतल्या जुन्या डॉक्टर, नागपूरहून फार वर्षांपूर्वी आलेल्या. आता शेवटचं आजारपण होतं आणि स्मृती जाता जाता आधी इंग्रजी गेलं होतं. "शी ओन्ली स्पीक्स मराठी नाउ," अनिता म्हणाल्या, "अँड आय डोन्ट." त्यांना महाराष्ट्र मंडळातल्या कुणी तरी माझं नाव सांगितलं होतं. मी आधीच सांगितलं की मी ख्रिस्ती आहे. त्या म्हणाल्या, "डज शी केअर? आय डोन्ट थिंक शी केअर्स."

मालतीकाकूंचा पलंग त्यांच्याच घरात, बागेकडे तोंड करून लावला होता. भिंतीवर त्यांची डिग्री, देव्हाऱ्यात ताजं फूल. त्या चादर मुठीत धरून एकच म्हणत होत्या, "मला घरी ने ना. घरी ने."

"मॉम, यू आर होम," अनिता म्हणाल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "धिस इज युअर हाउस."

मी मराठीत विचारलं, "काकू, कुठल्या घरी?"

मराठी ऐकून त्या वळल्या. "तू सांग हिला. हिला कळत नाही."

"नागपूरच्या घरी?"

"ते कुठे राहिलं आता," त्या चिडून म्हणाल्या.

"मग सासरच्या?"

"नाही गं."

"या घरी? हे तुमचंच आहे."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली, डिग्रीवर, देव्हाऱ्यावर, लेकीवर. "हे छान आहे," म्हणाल्या, पाहुणे म्हणतात तसं. "पण हे नाही."

मी अनितांना इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात घेतला. मला त्यांना सांगावंसं वाटलं की यात तुमचं काही चुकलेलं नाही. मी आजवर कितीतरी मरणाऱ्या माणसांना घर मागताना ऐकलं आहे, इथेच जन्मलेल्यांनाही. आमच्यात म्हणतात की खरं घर मागे राहिलेलं नसतं, ते पुढे असतं. हे मी लहानपणापासून ऐकत आले. ते मला पुरतं कळलं आहे असा दावा मी करत नाही. पण तुम्ही फोनवर विचारता, "घरी कधी येणार," तेव्हा मी गप्प होते ती एवढ्यासाठीच. नगरला आईची खोली आहे, इथे लाल मातीत माझं मूल आहे, अल्फारेटात माझा नवरा एकटा जेवतो. यातल्या एकाही जागी मी पुरती मावत नाही. आणि तरी मी हरवलेली नाही, हे तुम्हाला कसं समजावून सांगू?

काकू माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. ओळख पटते का ते शोधत होत्या.

"तू कोणाची गं?" त्यांनी विचारलं.

साळवे मास्तरांची म्हणावं, पाटोळ्यांची म्हणावं, ओवीची म्हणावं, सगळं तोंडाशी आलं. मी म्हटलं, "मी इथलीच आहे, काकू. तुमच्यापाशी थांबायला आलेय."

त्यांनी जरा विचार केला. मग मोठ्या कष्टानं चादरीखालचे पाय एका बाजूला ओढून घेतले, पलंगावर माझ्यापुरती जागा केली.

"मग बस," त्या म्हणाल्या.